सदसद्विवेकाचा शोध घेणारा निसर्गाभ्यासक : चार्ल्स डार्विन

मनुष्य आणि पशू यांच्यातील खरा भेद कोणता, हा प्रश्न फार जुना आहे. संस्कृत सुभाषितकाराने आहार, निद्रा, भय आणि प्रजोत्पत्ती या बाबतींत दोघांना एकाच पंक्तीला बसविले आणि धर्म तेवढा मनुष्याच्या पदरात टाकला. पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनीही बहुधा हाच मार्ग धरला. बरे काय आणि वाईट काय हे आतून सांगणारी जी सदसद्विवेकबुद्धी, ती केवळ मानवाची मिरास होय, असे त्यांनी मानले. ही बुद्धी खरोखर एकट्या मनुष्याची आहे काय, आणि ती त्याच्याकडे आली तरी कोठून, या प्रश्नाचा पाठपुरावा एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज निसर्गाभ्यासकाने अनेक वर्षे केला. त्यांचे नाव चार्ल्स डार्विन.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत डार्विन यांचे चरित्र पाहून काही वाचकांना नवल वाटेल. शाळेतील क्रमिक पुस्तके संपली की त्यांच्याशी आपला संबंध सहसा उरत नाही. उरतात त्या दोन समजुती. माणूस माकडापासून झाला, ही एक. आणि निसर्गात बळी तो कान पिळी हाच न्याय, ही दुसरी. पहिली समजूत अर्धवट आहे, कारण आजची माकडे आपली पूर्वज नसून आपले व त्यांचे पूर्वज एक होते, एवढेच डार्विन यांचे म्हणणे. दुसरी समजूत मात्र त्या सज्जन माणसावर अन्याय करणारी आहे. मानवी गुणांची प्रतवारी लावताना त्यांनी सर्वांत वरची पायरी ज्या गुणाला दिली, तो गुण म्हणजे सर्व जीवमात्रांविषयीचे निरपेक्ष प्रेम. ते आपल्या परंपरेतले नव्हते. ते मांसाहारी होते, तरुणपणी शिकारी होते, आणि एका महत्त्वाच्या प्रसंगी त्यांनी प्राणिमित्रांच्या विरुद्ध बाजू घेतली. हे सारे झाकून त्यांचे चरित्र सांगण्यात स्वारस्य नाही.

चार्ल्स रॉबर्ट डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी एका सुखवस्तू घराण्यात झाला. वडील रॉबर्ट डार्विन हे नामांकित डॉक्टर. आजोबा इरॅस्मस डार्विन हे वैद्य, कवी आणि विचारवंत, तर आईचे वडील जोसाया वेजवुड हे चिनी मातीच्या भांड्यांचे प्रसिद्ध कारखानदार. दोन्ही आजोबा गुलामगिरीचे कडवे विरोधक होते. गुडघे टेकून बेड्या घातलेले हात जोडणाऱ्या गुलामाची मुद्रा वेजवुड यांनी १७८७ साली आपल्या कारखान्यात तयार करविली आणि ती गुलामगिरीविरोधी चळवळीचे चिन्हच बनली. चार्ल्स आठ वर्षांचा असतानाच, १८१७ साली, आई वारली. पुढे त्याच्यावर मायेची पाखर घातली ती थोरल्या बहिणींनी. आपल्या अंगी जी काही भूतदया आली ती त्यांच्या शिकवणुकीने व उदाहरणाने आली, ती उपजत होती की नव्हती याची आपल्याला शंकाच वाटते, असे त्यांनी उतारवयात मोकळेपणाने नोंदविले आहे.

आत्मवृत्त त्यांनी १८७६ साली, सदुसष्टाव्या वर्षी, मुख्यतः मुलाबाळांसाठी लिहिले. त्यात बालपणीची एक घटना आहे. अगदी लहान असताना त्यांनी एका कुत्र्याच्या पिल्लाला मारले होते. कारण काहीच नव्हते. आपल्या हाती सत्ता आहे या भावनेचा आनंद, एवढेच. मार फारसा लागला नसावा, कारण पिल्लू केकाटले नाही. तरीही ते कृत्य मनाला इतके बोचत राहिले की, ते ज्या जागी घडले ती नेमकी जागा साठ वर्षांनंतरही त्यांच्या स्मरणात होती. त्याच पानांवर आणखी दोन बारीक गोष्टी आढळतात. पक्ष्यांची अंडी गोळा करण्याचा छंद असला तरी एका घरट्यातून एकाहून अधिक अंडे तो सहसा घेत नसे. आणि मासे पकडण्याच्या गळाला जिवंत गांडूळ लावणे त्याने सोडून दिले होते. मिठाच्या पाण्याने ते आधी मारता येते हे कळल्यावर तो तसे करू लागला. आपल्या दृष्टीने ही दया अपुरीच ठरेल. गांडूळ मरत होतेच, मासाही मरत होता. परंतु मुलाच्या मनात कोठेतरी रेघ ओढली जाऊ लागली होती, हे खरे.

वडिलांच्या इच्छेनुसार १८२५ साली तो वैद्यक शिकण्यासाठी एडिंबरोला गेला. भुलीचे औषध अजून यायचे होते. दोन शस्त्रक्रिया त्याने पाहिल्या, त्यातली एक लहान मुलावरची. दोन्ही वेळा पुरे होण्याआधीच तो तेथून पळाला आणि पुन्हा कधी तिकडे फिरकला नाही. याच गावी दक्षिण अमेरिकेतील गयानामधून आलेल्या, एके काळी गुलाम असलेल्या जॉन एडमन्स्टन नावाच्या गृहस्थाकडून तो पक्षी भरून ठेवण्याची कला शिकला. तासन्‌तास त्याच्याजवळ बसून गप्पा मारणाऱ्या चार्ल्सला कातडीच्या रंगावरून माणसाची योग्यता ठरविणे पुढे कधी पटले नाही, याचे एक मूळ या ओळखीत असावे.

वैद्यक सुटले. पाद्री व्हावे म्हणून १८२८ साली केंब्रिजला रवानगी झाली. तेथे अभ्यासापेक्षा बंदूक अधिक प्रिय होती. असे असता एकदा मित्राच्या घरी शिकारीस गेला असताना, आदल्या दिवशीच्या रानात त्याला एक पक्षी सापडला. कालचा छर्रा लागलेला, रात्रभर तडफडलेला, पण अजून मेलेला नाही. आता हा खेळ आपल्या विवेकाला पटत नाही, तो सोडावा, असे त्याने आपल्या हर्बर्ट नावाच्या मित्राला सांगितले. निश्चय मात्र टिकला नाही. बंदूक त्यानंतरही कित्येक वर्षे हातात राहिली आणि हळूहळूच सुटली. एका जखमी पक्ष्याने एका क्षणात शिकाऱ्याचे हृदयपरिवर्तन केले, अशी कथा सांगणे सोपे होते. खरी हकीकत तशी नाही, आणि पुढे डार्विन यांनी विवेकाची जी उपपत्ती मांडली तिच्याशी ही ओढाताणच अधिक जुळते.

२७ डिसेंबर १८३१ रोजी बीगल हे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघाले. बावीस वर्षांचा डार्विन त्यावर निसर्गाभ्यासक म्हणून होता. ही सफर जवळजवळ पाच वर्षे चालली व २ ऑक्टोबर १८३६ रोजी संपली. प्रवासातील जीवाश्म, कासवे, पक्षी यांच्या कथा सर्वश्रुत आहेत; त्या येथे सोडून देऊ. आपल्या विषयाच्या दृष्टीने ब्राझीलचा किनारा अधिक महत्त्वाचा. तेथे गुलामगिरी डोळ्यांदेखत होती. रिओ येथे समोरच्या घरातील वृद्ध बाई दासींची बोटे चिरडण्यासाठी लोखंडी स्क्रू बाळगून होती. एकदा नावेतून जाताना एका गुलामाला काही समजावून सांगण्यासाठी डार्विन यांनी हातवारे केले, तेव्हा हात तोंडाजवळून गेला मात्र, तो धिप्पाड माणूस मार पडणार म्हणून हात खाली टाकून, डोळे अर्धवट मिटून उभा राहिला. अंगावर येणारा तडाखा चुकविण्याचेही भान ज्याच्यातून काढून घेतले आहे असा माणूस पाहून त्यांना जी शरम वाटली, ती ते विसरले नाहीत. जहाजाचे कप्तान फिट्झरॉय यांच्याशी याच विषयावर त्यांचे कडाक्याचे भांडण झाले. एका मालकाने गुलामांना बोलावून, तुम्हाला मुक्त व्हायचे आहे का, असे विचारले आणि सर्वांनी नाही म्हटले, हे कप्तानांनी पुरावा म्हणून सांगितले. मालकासमोर दिलेल्या उत्तराची किंमत ती काय, असे डार्विन यांनी विचारताच कप्तान इतके संतापले की, जहाज सोडावे लागते की काय अशी वेळ आली.

याच प्रवासात, १८३४ साली, चिलीच्या किनाऱ्याजवळील बेटावर एक दुर्मिळ कोल्हा जहाजावरील अधिकाऱ्यांचे काम पाहण्यात गुंग होऊन बसला होता. डार्विन मागून हलकेच गेले आणि दगड फोडण्याच्या हातोडीने त्याच्या डोक्यात घाव घातला. त्या वर्णनात खंतीचा सूर आढळत नाही. माणसाच्या यातनेने पेटून उठणारे मन अजून पशूच्या बाबतीत झोपलेले होते. त्या जातीचा कोल्हा आज डार्विन यांच्याच नावाने ओळखला जातो.

स्वदेशी परतल्यावर त्यांच्या विचारांना वेगळी दिशा लागली. मार्च १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्यांनी जेनी नावाची ओरांग उटान मादी पाहिली. रखवालदाराने तिला सफरचंद दाखविले पण दिले नाही. तिने हट्टी मुलासारखे पाठीवर लोळण घेतली, पाय झाडले, रडून घेतले. रडणे थांबवून शहाण्यासारखी वागलीस तर देईन, असे त्याने सांगितल्यावर तिने मोठ्या कष्टाने स्वतःला आवरले, सफरचंद मिळविले आणि खुर्चीत जाऊन समाधानाने खाल्ले. स्वतःला आवरण्याची ही धडपड डार्विन यांच्या नजरेतून सुटली नाही. त्याच सुमारास मन, भावना आणि नीती यांवरील टिपणांच्या खासगी वह्या त्यांनी भरविण्यास प्रारंभ केला. त्यांतील विचार छापून येण्यास आणखी तेहेतीस वर्षे लागली.

जानेवारी १८३९ मध्ये मामेबहीण एमा वेजवुड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८४२ मध्ये हे कुटुंब लंडनपासून जवळच केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहावयास गेले, ते कायमचेच. दहा अपत्यांपैकी तीन लहानपणीच गेली. त्यातही दहा वर्षांच्या ॲनीचा १८५१ मधील मृत्यू पित्याच्या जिव्हारी लागला. प्रकृती नेहमीच नादुरुस्त असे. काम मात्र अखंड चाले. कबुतरांच्या जातींचा अभ्यास करताना पिल्ले मारण्याची पाळी येई, तेव्हा आपण काळे कृत्य केले अशा शब्दांत ते मित्राला कळवीत. मन आता पूर्वीसारखे झोपलेले नव्हते. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी त्यांचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली. त्यात माणसाविषयी त्यांनी जवळजवळ मौनच पाळले होते.

घराबाहेरच्या जगात ते बुजरे होते. वादविवादाच्या सभांना जात नसत. अपवाद एकच. एखाद्या गाडीवानाने घोड्याला निर्दयपणे मारलेले दिसले की, हा शांत गृहस्थ रस्त्यात थांबून त्याला फैलावर घेई आणि थरथरत, पांढराफटक पडून घरी येई, असे त्यांच्या मुलाने लिहून ठेवले आहे. १८६३ साली पती-पत्नींनी मिळून पोलादी दात्यांच्या सापळ्यांविरुद्ध एक आवाहन छापून वाटले. शिकारीचे पक्षी राखण्यासाठी जमीनदारांचे नोकर रानात हे सापळे लावीत आणि त्यांत पाय चिरडलेला प्राणी रात्रभर तसाच अडकून पडे. यात पुढाकार एमाबाईंचा होता. कमी वेदना देणारा सापळा बनविणाऱ्यास बक्षीस द्यावे म्हणून त्यांनी वर्गणीही जमविली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नैसर्गिक निवडीचे तत्त्व डार्विन यांच्याबरोबरच स्वतंत्रपणे शोधून काढणारे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६९ साली एक लेख लिहिला. माणसाचे शरीर निसर्गनियमांनी घडले असेल, परंतु त्याचे मन आणि नीतिबुद्धी यांमागे एखाद्या उच्चतर शक्तीचा हात मानावाच लागेल, असा त्यातील निष्कर्ष. डार्विन यांनी आपल्या प्रतीच्या समासात ठळक नकार लिहून त्याखाली तीन रेघा ओढल्या. यात केवळ शास्त्रीय मतभेद नव्हता. विवेक जर बाहेरून आणून फक्त माणसात ठेवलेला असेल, तर पशू आपल्या नात्यातले राहत नाहीत. विवेकाचे मूळ दोघांत एकच असेल, तर ते नाते नाकारता येत नाही.

त्यांचे उत्तर १८७१ साली मानवाच्या अवतरणावरील दोन खंडी ग्रंथात आले. नीतिबुद्धीवरील प्रकरणाचा आरंभच एका कबुलीने होतो. माणूस आणि इतर प्राणी यांतील सर्व भेदांत सदसद्विवेकबुद्धी हाच सर्वांत महत्त्वाचा भेद आहे, हे त्यांना पूर्णपणे मान्य होते. मात्र हा भेद कितीही मोठा असला तरी तो प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही, असे त्यांचे प्रतिपादन. कळपाने राहणाऱ्या, पिल्लांवर माया करणाऱ्या कोणत्याही प्राण्याची बुद्धी माणसाइतकी विकसित झाली, तर त्याच्या ठायी विवेक उत्पन्न झाल्यावाचून राहणार नाही, असे ते म्हणतात.

हे घडते कसे? यासाठी त्यांनी भिंगरी या स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याचा दाखला घेतला. शरद ऋतू संपत आला की दूर देशी उडून जाण्याची ओढ इतकी अनावर होते की, उशिरा झालेली कोवळी पिल्ले घरट्यात टाकून माता निघून जाते. पिल्ले भुकेने व थंडीने मरतात. कालपर्यंत त्यांच्यासाठी दिवसभर खपणारी हीच माता. प्रवास संपला, ती ओढ शमली, की मागे टाकलेल्या पिल्लांचे चित्र तिच्या मनापुढे पुन्हा पुन्हा येऊ शकले असते, तर तिला केवढ्या यातना झाल्या असत्या, असा प्रश्न डार्विन विचारतात. पक्षिणीच्या मनात ते चित्र टिकत नाही. माणसाच्या मनात ते टिकते. भूक, क्रोध, सूड यांची ऊर्मी त्या क्षणी बलवान असते, पण तृप्त झाली की तिची आठवणही फिकी पडते. माया आणि सहानुभूती त्या क्षणी दुबळ्या ठरल्या तरी मागे राहतात. वळून पाहणारे मन या दोहोंची तुलना करते. या तुलनेतून जो सल उरतो तोच पश्चात्ताप, आणि पुन्हा असे करणार नाही हा निर्धार त्याच्यापुढचा. भाषा आल्यावर चारचौघांच्या निंदास्तुतीची भर पडते, सवयीने तो संस्कार पक्का होतो. विवेकाचे बीज दयेत, आणि त्याचे फळ मागे वळून पाहण्यात, असे हे गणित आहे.

प्रतिक्रमण हा शब्द ज्यांच्या नित्याच्या आचारातला आहे, त्या आपल्या वाचकांना यातील मर्म चटकन कळेल. शिवाय आपली परंपराही या प्रश्नात पशूला सरसकट बाहेर काढीत नाही. मन असलेल्या पंचेंद्रिय तिर्यंचाला सम्यक्त्व होऊ शकते, तो अणुव्रतेही पाळू शकतो व पाचव्या गुणस्थानापर्यंत जाऊ शकतो. महाव्रते मात्र मनुष्यगतीतच. भगवान महावीरांच्या पूर्वभवातील सिंह आपल्याला ठाऊक आहे. वणव्यात आश्रयाला आलेल्या सशासाठी अडीच दिवस पाय उचलून धरणारा, मेघकुमाराच्या पूर्वभवातील हत्तीही ज्ञातधर्मकथेत भेटतो. अर्थात हे साम्य ताणू नये. आपल्याकडे आधार जीव आणि कर्म यांचा. डार्विन यांच्या विवेचनात आत्मा येत नाही.

त्यांनी दिलेले दाखले वाचनीय आहेत. अमेरिकेतील एका सरोवरावर पूर्ण आंधळा झालेला म्हातारा पेलिकन पक्षी चांगला लठ्ठ होता. सोबती त्याला भरवीत असले पाहिजेत. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहिलेले एडवर्ड ब्लाइथ यांनी आपल्याकडील कावळ्यांना आंधळ्या सोबत्यांना चारा देताना पाहिले होते. इंग्लंडमधील एका संग्रहालयात चवताळलेल्या बबून वानराने रखवालदाराची मान फोडली, तेव्हा त्याच पिंजऱ्यातील एक चिमुकले माकड, एरवी त्या बबूनला थरथर कापणारे, किंचाळत धावून गेले व चावे घेऊन त्याने आपल्या मित्राचा जीव वाचविला. ब्रेम या जर्मन प्रवाशाने ॲबिसिनियात पाहिलेला प्रसंग तर विलक्षण आहे. कुत्र्यांनी वेढलेल्या खडकावर सहा महिन्यांचे एकटे पिल्लू ओरडत होते. सुरक्षित जागी पोहोचलेला एक म्हातारा नर डोंगरावरून पुन्हा खाली उतरला, पिल्लाजवळ गेला, त्याला चुचकारले आणि सर्वांसमक्ष घेऊन गेला. कुत्रे आश्चर्याने पाहतच राहिले. छळात आनंद मानणाऱ्या माणसापेक्षा हे माकड किंवा हा वानर आपला पूर्वज असणे आपण पत्करू, असा ग्रंथाच्या शेवटी त्यांचा अभिप्राय आहे. येथेच हेही सांगितले पाहिजे की, ज्या वन्य जमातींशी त्यांनी ही तुलना केली त्यांच्याविषयीच्या त्यांच्या मतांत त्या काळच्या युरोपीय अहंकाराच्या खुणा स्पष्ट दिसतात.

पशूंचे निर्दयपणही त्यांनी लपविले नाही. जखमी सोबत्याला कळपातून हाकलणारे, शिंगांनी भोसकून मारणारे प्राणी आहेत, आणि निसर्गाच्या इतिहासातील ही अतिशय काळी बाब आहे, असे ते नमूद करतात. कुत्र्याला विवेकासारखे काहीतरी असते, एवढे ते मान्य करतात. आपल्या गतकृत्यांचा न्यायनिवाडा करणारा खरा नैतिक जीव म्हणून मात्र ते निश्चितपणे माणसाचेच नाव घेतात. माणसाची सहानुभूती आधी टोळीपुरती, मग राष्ट्रापुरती, मग सर्व मानवजातीपुरती आणि सर्वांत शेवटी मुक्या प्राण्यांपर्यंत पोहोचते, असा त्यांनी दाखविलेला क्रम आहे.

या उपपत्तीवर सर्वांत मर्मभेदी आक्षेप घेतला तो फ्रान्सिस पॉवर कॉब या विदुषीने. माणसे मधमाश्यांसारखी वाढली असती तर भावांना मारणे हे बहिणींना पवित्र कर्तव्य वाटले असते, असे डार्विन यांनी लिहिले होते. मग सत् आणि असत् यांना शाश्वत आधार तो काय उरला, असा बाईंचा सवाल. या प्रश्नाला डार्विन यांनी समाधानकारक उत्तर दिले असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. परंतु दोघांची खरी गाठ पडली ती पुढे, जिवंत प्राण्यांवर केल्या जाणाऱ्या चिरफाडीच्या प्रश्नावर.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर, वेदनेच्या भरात, चिरफाड करणाऱ्याचाच हात चाटणाऱ्या कुत्र्याचा उल्लेख १८७१ च्या ग्रंथात आहे. त्या माणसाचे काळीज दगडाचे नसेल तर मरेपर्यंत त्याला पश्चात्ताप झाला असेल, असे डार्विन यांनी तेथे म्हटले. त्याच वर्षी एका पत्रात, केवळ कुतूहलापोटी केलेल्या अशा प्रयोगांचा विचारही आपल्याला असह्य होतो, अधिक लिहिले तर रात्री झोप लागणार नाही, असे त्यांनी कळविले. १८७४ साली ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. कुत्र्याचा प्रसंग तसाच राहिला, पण वाक्यात एक पोटवाक्य वाढले: ज्ञानात भर पडल्याने ती क्रिया पूर्णपणे समर्थनीय ठरत नसेल तर. या एवढ्याशा भरीत डार्विन यांच्या मनातील सारा पेच सामावलेला आहे.

जानेवारी १८७५ मध्ये कन्या हेन्रिएटा हिने कॉबबाईंचे विनंतीपत्र वडिलांकडे सहीसाठी पाठविले. वडिलांनी सही नाकारली. असे प्रयोग सरसकट थांबले तर शरीरक्रियाशास्त्र थांबेल, आणि त्या शास्त्रातून पुढे माणसाच्या व पशूंच्याही व्याधी दूर होतील, असा त्यांचा विश्वास होता. त्याबरोबरच प्रयोगांवर निर्बंध घालणाऱ्या वेगळ्या विधेयकाच्या मसुद्यासाठी त्यांनी खटपट केली. ३ नोव्हेंबर १८७५ रोजी ते सरकारी आयोगापुढे साक्षीला उभे राहिले. हे प्रयोग आवश्यक आहेत असे त्यांनी सांगितले. मात्र भूल देऊन काम भागत असताना वेदना देणाऱ्याबद्दल विचारताच, असे कृत्य तिरस्कारालाच पात्र आहे, असे ठणकावले. १८७६ साली ब्रिटिश संसदेने याविषयीचा कायदा केला. प्रयोगासाठी परवाना लागू लागला, भूल देण्याची अट आली, पण अपवादांची दारेही ठेवली गेली. प्राणिमित्रांना तो फार सौम्य वाटला, शास्त्रज्ञांना फार कडक. एप्रिल १८८१ मध्ये स्वीडनच्या एका प्राध्यापकाला लिहिलेले डार्विन यांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले, कॉबबाईंनी त्याला जाहीर उत्तर दिले, आणि म्हातारपणी त्यांना नको असलेला वाद ओढवलाच.

अहिंसेला परम धर्म मानणाऱ्याने या वादात कोणाची बाजू घ्यावी, हे सांगावयास नको. तरीही आपल्या घरातील औषधांची कपाटे उघडली तर डार्विन यांचा पेच आपल्याही उंबरठ्याच्या आत असल्याचे दिसेल. पुढील काळातील एक प्रयोग तर हा पेच अधिकच तीव्र करणारा आहे. १८७१ च्या ग्रंथातील कल्पना तपासणारे संशोधन विसाव्या शतकात अनेकांनी केले. १८६४ नव्हे, १९६४ साली अमेरिकेत माकडांना अशा यंत्रणेपुढे बसविण्यात आले की, साखळी ओढली की खाणे मिळे, पण शेजारच्या माकडाला विजेचा झटका बसे. बहुतेक माकडांनी ती साखळी टाळली. एकाने तर बारा दिवस ती ओढली नाही आणि उपाशी राहणे पत्करले. माकडांची दया अशा रीतीने सिद्ध झाली. झटके देणारे हात माणसांचे होते.

ऑक्टोबर १८८१ मध्ये डार्विन यांचे अखेरचे पुस्तक प्रसिद्ध झाले, गांडुळांवरचे. ज्या जीवाला बालपणी मिठाच्या पाण्यात टाकले त्याच्याजवळ ते म्हातारपणी रात्री दिवा घेऊन बसत. कुंड्यांतील गांडुळांसमोर एमाबाईंनी पियानो वाजविला, मुलाने बासून हे वाद्य फुंकले. गांडुळे ढिम्म हलली नाहीत. ती बहिरी आहेत, डोळे नसले तरी प्रखर उजेड त्यांना जाणवतो, गंधाची जाण बेताची, स्पर्शाची मात्र तीव्र, आणि चवीची आवडनिवड स्पष्ट, असे निष्कर्ष त्यांनी काढले. आपल्या शास्त्रांत गांडूळ द्वींद्रिय जीवांत मोडते, स्पर्श आणि रस या दोन इंद्रियांचा जीव. पाने बिळात ओढताना ती पानाचा आकार ओळखून सोयीचे टोक धरतात, हे पाहून या जीवाला थोडी बुद्धी असली पाहिजे, असे मत त्यांनी नोंदविले. जमीन सुपीक करण्यात त्यांचा वाटा केवढा आहे, हेही याच पुस्तकाने जगाला सांगितले.

सहा महिन्यांनी, १९ एप्रिल १८८२ रोजी, डाउन येथील राहत्या घरी डार्विन यांचे निधन झाले. गावच्या दफनभूमीत विसावा घ्यावा अशी त्यांची इच्छा होती; परंतु संसद सदस्यांच्या व शास्त्रज्ञांच्या आग्रहावरून २६ एप्रिल रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांचे दफन झाले. अभ्यासिकेत त्यांच्या पायांशी बसणारी पोली नावाची छोटी पांढरी कुत्री होती. तीही त्यानंतर थोड्याच दिवसांत गेली. ज्या कायद्यासाठी त्यांनी साक्ष दिली, तो ब्रिटनमध्ये १९८६ साली नवा कायदा येईपर्यंत, म्हणजे ११० वर्षे, अमलात राहिला.